कात्रीबाईंच्या वाट्याचा प्रश्न

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे कात्रीबाई म्हणायचे, आणि पाठीमागे नव्हे, चांगले तोंडावर म्हणायचे. बाईंना त्याचा राग नव्हता. एखादा नवा माणूस कामाला लागला आणि त्याने आदराने त्यांचं खरं नाव घेतलं, तर बाईच मान वर करून बघत, हा कोणाला हाक मारतोय म्हणून.

त्यांचं काम वाचकांच्या पत्रांचं. कोणी निवृत्त गृहस्थ नळाला पाणी येत नाही म्हणून चार पानं लिहून पाठवतात. त्यात आधी त्यांची नोकरी येते, मग बायकोचे गुडघे येतात, मग शेजाऱ्याने चोरून बसवलेला पंप, आणि शेवटी कागद संपत आला की कुठेतरी पाणी. बाई पेन्सिल उचलायच्या आणि चार पानांच्या दोन ओळी करायच्या. ‘आमच्या भागात पाणीपुरवठा अनियमित आहे. संबंधितांनी लक्ष द्यावे.’ झालं. गुडघे गेले, पंप गेला, म्हाताऱ्याचा संतापही गेला. ‘संबंधितांनी लक्ष द्यावे’ हे वाक्य बाईंनी जन्मात इतक्या वेळा लिहिलं होतं की हात आपोआप वळायचा. आता हे संबंधित म्हणजे नक्की कोण, ते राहतात कुठे, याची चौकशी बाईंनी कधी केली नव्हती. करायची वेळच आली नव्हती.

ती वेळ आणली भाच्याच्या बोटीने.

बाईंना मूलबाळ नव्हतं. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची नोकरी बदलीची, म्हणून तिचा मुलगा शाळेची सगळी वर्षं मावशीकडेच राहिला. बाईंच्या घरातल्या आतल्या खोलीचं दार त्याने चेंडू मारमारून खिळखिळं केलं आणि बाईंनी ते आजतागायत दुरुस्त केलं नाही. पोरगा म्हणजे बाईंचा जीव की प्राण. पुढे तो विजेचं काम शिकला आणि मालवाहू बोटीवर नोकरीला लागला. बोटीवरचे दिवे, पंखे, पंप, सगळं त्याच्याकडे. जगभरातून फोन करायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, “मावशी, जेवलीस का?”

मग ती बोट एका परक्या देशाच्या बंदरात शिरताना धक्क्याला घासली. धक्क्याची कड तुटली, माणूस कोणी दगावला नाही. पण भरपाई मिळेपर्यंत तिथल्या कोर्टाने बोट अडकवून ठेवली. मालक म्हणून ज्या कंपनीचं नाव कागदावर होतं, तिचा फोन आधी कोणी उचलेना, मग लागेना, मग तो नंबरच बंद झाला. आता त्या बंदराचा कायदा असा, की अडकवलेली बोट माणसांशिवाय रिकामी ठेवता येत नाही. म्हणजे मालक आल्याखेरीज बोट सुटायची नाही, आणि बोट सुटल्याखेरीज खलाशी सुटायचे नाहीत. मालक तेवढा सुटला होता. एकोणीस माणसं त्या लोखंडावर बसून समोरच्या शहराचे दिवे बघत राहिली. एक हिवाळा तसाच गेला, दुसरा येऊन ठेपला.

दोघी बहिणींनी अर्जांवर अर्ज केले. परराष्ट्र खातं, जहाज खातं, खलाशांची संघटना, ज्याने जो पत्ता दिला तिथे. उत्तरं यायची, नाही असं नाही. ‘आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे.’ बाई ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचायच्या. कारण ते वाक्य त्यांना माणसासारखं ओळखीचं होतं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण सहा महिन्यांनी काय करायचं हे म्हणीत सांगितलेलं नाही.

आणि अशात बातमी आली, की त्याच देशाचे राष्ट्राध्यक्ष पाहुणे म्हणून येताहेत.

पाहुणे आले की शेवटी एक पत्रकार परिषद व्हायची. दोघे प्रमुख शेजारीशेजारी उभे राहणार, आणि त्यांच्याकडच्या पत्रकारांचे दोन प्रश्न, आपल्याकडच्यांचे दोन. बस. ते दोन कोणी विचारायचे यावरून मोठी वर्तमानपत्रं आणि वाहिन्या एकमेकांच्या उरावर बसली. शेवटी वैतागून माहिती खात्याने चिठ्ठ्या टाकल्या. एक चिठ्ठी निघाली एका बलाढ्य वाहिनीची. दुसरी निघाली बाईंच्या वर्तमानपत्राची, ज्याने आपलं नाव केवळ यादीत दिसावं म्हणून घातलं होतं.

कचेरीत आधी कोणाचा विश्वास बसेना. मग राजकीय बातमीदाराने कोट इस्त्रीला टाकला. मग कळलं, की आत जायला सरकारी ओळखपत्र चालू हवं, आणि राजकीय बातमीदाराने आपलं कधीचं नूतनीकरणच केलेलं नाही. सगळ्या कचेरीत ज्यांचं ओळखपत्र दरवर्षी न चुकता नवं व्हायचं अशी एकच व्यक्ती होती, कात्रीबाई. तेही कशासाठी, तर त्या ओळखपत्रावर बसचा प्रवास फुकट होता.

“आयत्या बिळावर नागोबा,” राजकीय बातमीदार म्हणाला आणि कोट परत आणायला गेला.

बाईंनी हे सगळं ऐकलं आणि जिन्यात जाऊन बहिणीला फोन लावला. चिठ्ठीपासून ओळखपत्रापर्यंत सगळं सांगितलं. मग बहीण म्हणाली, “ताई, आता तूच. आता दुसरं कोणी नाही. त्याच्या तोंडासमोर उभी राहून विचार, माझा मुलगा कधी सोडतोस म्हणून.”

“विचारते,” बाई म्हणाल्या. “त्याशिवाय दुसरं काय विचारणार आहे मी?”

पण बाईंना एक प्रश्न मिळालाय म्हटल्यावर ज्याच्या त्याच्याकडे प्रश्न तयार होते. क्रीडावाल्याला त्यांच्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाला का काढलं ते हवं होतं. जाहिरात विभागाला तिकडच्या ट्रॅक्टर कंपनीचं नाव प्रश्नात कुठेतरी यावं असं वाटत होतं. दातांचे डॉक्टर बाईंच्या तोंडात आरसा घालून म्हणाले, “तिकडे म्हणे दातांचा सगळा खर्च सरकार करतं. खरं का ते विचारा,” आणि बाईंना हो-नाही काहीच म्हणता आलं नाही. चहावाल्याने टेबलावर कप ठेवत विचारलं, “एवढ्या गाड्या पुढे, एवढ्या मागे. मधल्या माणसाला रस्त्यातले खड्डे लागतात का, एवढं विचाराल का बाई?”

“तुझा प्रश्न सगळ्यांत चांगला आहे,” बाई म्हणाल्या. “पण मला एकच मिळालाय रे.”

आपला प्रश्न त्यांनी घरी बसून लिहिला. पहिल्यांदा लिहिला तेव्हा दोन पानं झाली. त्यात आतल्या खोलीचं दार आलं, बहिणीचा रक्तदाब आला, पोराला थंडी सोसत नाही हेही आलं. बाईंनी ते वाचलं आणि सवयीने पेन्सिल उचलली. लोकांची पानंच्या पानं कापताना ज्या हाताला कधी काही वाटलं नाही, तो त्या रात्री प्रत्येक ओळीवर अडला. पण प्रश्न लहान हवा होता. शेवटी राहिलं ते एवढंच. बोटीचं नाव, बंदराचं नाव, आणि ‘तिच्यावर एकोणीस खलाशी अडकले आहेत. अपराध त्यांचा नाही. त्यांना घरी कधी पाठवणार?’

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन त्या संपादकांच्या खोलीत गेल्या. संपादक माणूस वाईट नव्हता. बोटीची बातमी त्यांनी एकदा छापलीही होती, आतल्या पानावर, राशिभविष्याच्या खाली. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

“बाई, तुमचा भाचा आहे म्हणून मला बोलायला जड जातं. पण राष्ट्राध्यक्षांना प्रश्न विचारायचा आहे. उद्या सगळे म्हणतील, यांना एक संधी मिळाली आणि यांनी घरचं गाऱ्हाणं मांडलं.”

“एकोणीस घरांचं आहे ते.”

“मला मान्य आहे. म्हणून तर सगळं काढा म्हणत नाही. बोटीचं नाव काढा, बंदराचं काढा. खलाशी राहू द्या. ‘आपल्या बंदरांत अडकलेल्या आमच्या खलाशांच्या सुटकेसाठी आपण काय करणार?’ हे कसं, धोरणाचं वाटतं.”

बाईंनी मान डोलावली. खलाशी तरी राहिले, म्हणून मनाचं समाधान करून घेतलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. संपादकांना गाढव म्हणणं योग्य नव्हे, पण पाय धरायची पाळी आली होती हे खरं.

तिथून प्रश्न शिष्टाचार खात्यात दाखवायला न्यायचा होता. नियमच तसा. प्रश्न आधी लेखी द्यायचा, ‘केवळ भाषांतराच्या सोयीसाठी’. शिष्टाचार खात्याच्या बोळात इतका जाड गालिचा होता की आपण चालतोय की नाही ते कळू नये. तिथला अधिकारी तरुण होता, भांग नीट काढलेला, बोलणं साखरेत घोळलेलं. त्याने बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, बिस्किटांची बशी पुढे केली आणि मग कागद हातात घेतला.

“छान आहे, मॅडम. फारच छान. फक्त हा ‘अडकलेल्या’ शब्द. पाहुण्यांना वाटेल आपण आरोप करतोय.”

‘अडकलेल्या’ गेलं.

“आणि ‘सुटका’ म्हटलं की कोणी कैदेत असल्यासारखं वाटतं. आपण ‘कल्याण’ म्हणू या. खलाशांच्या कल्याणासाठी. किंवा असं बघा, नुसते खलाशी कशाला? एकूणच सागरी क्षेत्र घेऊ ना. व्यापक होईल.”

त्याच्या हातात पेन्सिल होती, आणि ती तो कागदाला टेकवायचा तेवढीच. खाडाखोड दिसायची नाही. बाई बघत होत्या. हात चांगला होता पोराचा. हा जर आपल्या टेबलावर बसला असता तर आठवड्यात तरबेज झाला असता, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.

शेवटी प्रश्न झाला तो असा. ‘दोन्ही देशांमधील सागरी सहकार्य अधिक दृढ करण्यासाठी आपण कोणती पावले उचलणार आहात?’

“यात खलाशी कुठे गेले?” बाईंनी विचारलं.

“सहकार्यात आले ना, मॅडम. सहकार्य म्हटलं की सगळं आलं.”

“आणि मी याला नाही म्हटलं तर?”

अधिकाऱ्याला खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. “तर मग चिठ्ठ्यांत ज्यांचा पुढचा नंबर होता त्यांना बोलवावं लागेल. ते रोज फोन करताहेत.”

बाईंनी सही केली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. अधिकाऱ्याने कागदाच्या प्रती काढल्या. एक पाहुण्यांच्या माणसांसाठी, म्हणजे त्यांना उत्तर तयार ठेवता येईल. एक दुभाष्यासाठी. एक फायलीला. बाईंनी आपली प्रत पर्समध्ये टाकली आणि जिना उतरता उतरता त्यांनी ठरवून टाकलं. कागद यांचा, तोंड माझं. तिथे उभी राहिले, हातात माईक आला, की आपला पहिला प्रश्न विचारायचा, बोटीच्या नावासकट. मग काय करायचं ते करोत. नोकरी राहिलीय किती? लिहिलेलं कापता येतं, पण बोललेलं कोण कापणार? सगळं आयुष्य कागदावर घालवलेल्या बाईला असं वाटणं साहजिक होतं.

हे त्यांनी फक्त बहिणीला सांगितलं.

आदल्या संध्याकाळी बहिणीच्या घरी तालीम झाली. बहिणीचा नवरा बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसला होता. मुलाचा विषय निघाला की त्याला कसलाच आवाज सोसायचा नाही. आत स्वयंपाकघरात बाई फ्रीजपाशी उभ्या राहिल्या, हातात माईक म्हणून लाटणं. बहीण राष्ट्राध्यक्ष झाली. खुर्चीत ताठ बसली, पदर सारखा केला, चेहरा गंभीर केला.

बाईंनी प्रश्न विचारला. बोटीचं नाव, बंदराचं नाव, एकोणीस खलाशी. एकदाही अडखळल्या नाहीत.

राष्ट्राध्यक्षांनी थोडा विचार केल्यासारखं केलं. “सोडतो, बाई,” ते म्हणाले. “आजच सोडतो. आधीच का नाही विचारलंत?”

दोघी हसायला लागल्या. इतक्या हसल्या की बाहेरून नवरा उठून दारात आला. मग बहीण हसता हसता रडायला लागली आणि बाईंनी लाटणं जागेवर ठेवून दिलं.

तेवढ्यात पोराचाच फोन आला. चित्र सारखं गोठत होतं. गालफडं बसली होती, दाढी वाढली होती, अंगात दोन-दोन स्वेटर. पण आवाज तोच. “मावशी, उद्या केस नीट विंचरून जा. आम्ही सगळे बघणार आहोत. जनरेटर तेवढ्यासाठी राखून ठेवलाय. रोज थोडाच वेळ चालवतो आता, तेल पुरवायला हवं ना.”

“थंडी किती आहे रे?”

“आहे आपली. तू आमची काळजी करू नकोस, तू प्रश्न पाठ कर.”

दुसऱ्या दिवशी बाई ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी पोहोचल्या. दारावरच्या पोलिसांनी पर्स तपासली, चपला तपासल्या, डब्यातली चपाती उलगडूनसुद्धा बघितली. सभागृहात खुर्च्यांवर नावं चिकटवली होती. समोर दोन उंच टेबलं, मागे दोन झेंडे, आणि पाहुण्यांच्या टेबलाशेजारी अर्धं पाऊल मागे दुभाष्या उभा. टक्कल पडलेला, मध्यम वयाचा, हातात कागदांचं पुठ्ठ्याचं फोल्डर. बाईंनी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. त्यांचं लक्ष चहावाल्याच्या त्या मधल्या माणसाकडे, पाहुण्या राष्ट्राध्यक्षांकडे. फोटोत दिसतो त्यापेक्षा ठेंगणा होता. नाक लाल झालं होतं, सर्दी असावी. याच्या एका शब्दावर आपलं पोर घरी येईल, असं मनात आलं आणि बाईंना त्या माणसाबद्दल आशाच वाटली, राग नाही.

वाहिनीवाल्याचा प्रश्न झाला, पाहुण्यांकडच्याचा झाला. मग बाईंचं नाव पुकारलं. शिष्टाचारवाला तरुण अधिकारी स्वतः माईक घेऊन आला. बाई उभ्या राहिल्या.

त्यांनी बोटीचं नाव घेतलं. बंदराचं नाव घेतलं. “तिच्यावर आमचे एकोणीस खलाशी अडकले आहेत. अपराध त्यांचा नाही. त्यांना घरी कधी पाठवणार?”

सभागृहात खुर्च्या करकरल्या. तरुण अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आपल्या देशाचे प्रमुख, ज्यांना प्रत्येक शब्द कळला होता, त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तो पिण्यातच दंग झाले. बाईंचे डोळे पाहुण्यांवर खिळले होते. पाहुणे दुभाष्याकडे झुकले.

दुभाष्याने एक क्षण बाईंकडे बघितलं. मग मान खाली घालून फोल्डर उघडलं आणि त्यातल्या कागदावरून वाचलं.

बाईंना ती भाषा येत नव्हती. पण नावं तर कुठल्याही भाषेत तीच राहतात. त्या कान देऊन बोटीचं नाव ऐकायची वाट बघत होत्या. ते आलं नाही. बंदराचं नाव, जे पाहुण्यांच्याच देशातलं, ते तरी यायला हवं होतं. तेही आलं नाही. एक गुळगुळीत, लांबट वाक्य आलं आणि संपलं. ते कोणतं वाक्य होतं हे बाईंना भाषा न येताच कळलं. त्यांच्या स्वतःच्या सहीचं होतं.

पाहुण्यांनी हसून मान डोलावली. समोरचं एक कार्ड उचललं, थेट बाईंच्या डोळ्यांत बघितलं आणि आपुलकीने बोलू लागले. दुभाष्या वाक्यामागून वाक्य आपल्या भाषेत सांगत गेला. “फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात. समुद्र आपल्याला तोडत नाही, जोडतो. मी आज शब्द देतो, की आमची बंदरं तुमच्या बोटींसाठी सदैव खुली राहतील. तुमच्या देशातल्या घराघरांत आनंद पोहोचावा, हीच आमची इच्छा आहे.”

टाळ्या पडल्या.

“नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. “बोट. आमची बोट...”

पण माईक केव्हाच हातातून गेला होता. तीन रांगा पुढे बसलेल्या माणसालाही ते ऐकू गेलं नसेल.

कार्यक्रम संपल्यावर अधिकारी आपल्याला झापणार, कदाचित पोलीस बोलावणार, या तयारीने बाई बोळात थांबल्या. तो आला तो रुमालाने कपाळ पुसतच. पण चिडलेला नव्हता. “घाबरवलंत, मॅडम,” तो म्हणाला. “पण जाऊ द्या. त्यांच्यापर्यंत काही पोहोचलं नाही, त्यामुळे काही बिघडलं नाही. मी काही वर कळवत नाही.”

शिक्षा झाली असती तरी चाललं असतं. शिक्षेला निदान वजन असतं. काही बिघडलंच नाही, हे ऐकून बाईंना भिंतीला हात टेकावा लागला.

दुभाष्या शेजारून जात होता. बाईंनी त्याला अडवलं. “तुम्ही ऐकलंत ना मी काय विचारलं?”

“ऐकलं.”

“मग?”

“मला कागदावर जे दिलंय तेच सांगायचं असतं, बाई. त्यापलीकडे एक शब्द बोललो की उद्यापासून मी नाही.” तो थोडा घुटमळला. “तुमचं कोण आहे तिथे?”

“भाचा.”

त्याने मान हलवली, आणि फोल्डर काखेत घट्ट धरून निघून गेला. त्याला शिव्या द्याव्यात असं बाईंना वाटेना. चाळीस वर्षं त्या तरी दुसरं काय करत आल्या होत्या?

बाहेर आल्या तर फोन वाजत होता. बहीण. पलीकडे नुसता गलका. शेजारपाजारचे सगळे जमलेले. टीव्हीवर सगळ्यांनी बाईंचा प्रश्न स्वच्छ ऐकला होता, बोटीच्या नावासकट, आणि लगेच पुढे राष्ट्राध्यक्षांचं उत्तर.

“ताई! शब्द दिला गं त्याने! बंदरं खुली म्हणाला! घराघरांत आनंद म्हणाला! ताई, माझ्यासमोर बोलला तो!” मग आवाज घोगरा झाला. “हे बाहेर टीव्हीचा आवाज मोठा करून बसलेत. किती महिन्यांनी!”

बाईंनी तोंड उघडलं. खरं सांगायचं म्हणूनच उघडलं होतं. पण फोनमधून त्या टीव्हीचा आवाज येत होता, खरोखरच मोठा, आणि त्यावर मेहुण्यांचं कोणाला तरी मोठ्याने सांगणं, “आमच्या ताई आहेत त्या!” बाई एवढंच म्हणाल्या, “मी येते गं. घरी येऊन बोलते.”

बसथांब्यावर त्या बसल्या. एक बस गेली, दुसरी गेली. बहिणीकडे जायचं त्यांना धाडस होईना. शेवटी पुन्हा फोन वाजला, आणि या वेळी पोराचा होता.

“मावशी! वाघीण आहेस तू!” मागे आरडाओरडा, भांड्यांचा आवाज, कोणीतरी भसाड्या सुरात गात होतं. “आईने उत्तराचं चित्रण पाठवलं, तेही आम्ही सगळ्यांनी चार-चार वेळा बघितलं. कप्तानाने दाढी केली. ओळखूच येत नाही माणूस. सगळे सामान बांधायला लागलेत. मावशी, तो तुझ्याकडे बघूनच म्हणाला ना?”

“हो,” बाई म्हणाल्या. ते तर खरंच होतं. “माझ्याकडेच बघत होता.”

“मग झालं तर! उद्या नाही तर परवा हालचाल होणारच. मी पण बॅग भरली. अंथरूण, ब्लँकेट, सगळं गुंडाळून बांधून टाकलं.”

“अंथरूण बांधू नकोस,” बाई म्हणाल्या.

“अगं, एक-दोन रात्रींचाच तर प्रश्न आहे. झोपेन असाच.”

“नको रे. थंडी आहे. अंथरूण सोड. ब्लँकेट बाहेर काढून ठेव.”

पलीकडे गाणं चालूच होतं. मावशीचा आवाज पोराला लहानपणापासून पाठ होता. तो बोलला तेव्हा गलक्यापासून बाजूला गेल्यासारखा आवाज लहान आला.

“त्याला कळलंच नाही का तू काय विचारलंस?”

“सांगितलंच नाही कोणी त्याला.”

“आईला माहीत आहे?”

“नाही. तिला सांगायला चाललेय, पण पाऊल उचलत नाही रे माझं.”

“मग आज नको सांगूस,” तो म्हणाला. “मी पण इथे आज सांगत नाही. आज जेवू देत सगळ्यांना.”

बाईंना रडू आवरेना. रस्त्यावर, उजेडात, लोकांसमोर त्या रडल्या. पलीकडून कोणीतरी त्याला हाका मारत होतं, पेटी बांधायला दोरी कुठे ठेवलीय म्हणून.

“आलो, आलो,” पोरगा मोठ्याने म्हणाला, आणि दोरी शोधून द्यायला गेला.